वीस मिनिटांचा चहा

१८९०च्या दशकात पुण्याच्या हिंदू क्रिकेट संघाने चांभार जातीतल्या बाळू पालवणकर या फिरकी गोलंदाजाला खेळायला घेतलं, तेव्हा एक बारीकशी व्यवस्था करून ठेवली होती. खेळ थांबला की बाकीचे खेळाडू पॅव्हेलियनमध्ये जात आणि चिनी मातीच्या कपातून चहा घेत. बाळूंचा चहा पॅव्हेलियनच्या बाहेर येई, मातीच्या बोळक्यात. पिऊन झाला की बोळकं फेकून द्यायचं. जेवायचं ताट निराळं, बसायची जागा निराळी. तोंड धुवायचं असेल तर मैदानाच्या एका कोपऱ्यात उभं राहायचं, आणि अस्पृश्य मानलेल्या जातीतलाच एखादा नोकर किटलीने पाणी घालणार. क्रिकेटच्या इतिहासात हा तपशील दोन-तीन ओळींत उरकतो आणि लगेच बाळूंच्या बळींचे आकडे सुरू होतात. बोळकं मात्र मनातून जात नाही. कारण त्या दुपारी अकरा जणांच्या हातून एकच चेंडू फिरत होता. तो कातड्याचा, म्हणजे ज्या धंद्यामुळे चांभाराला शिवायचं नाही त्याच धंद्यातून तयार झालेला. तो बाळूंच्या बोटांतून सुटायचा, यष्टिरक्षकाच्या हातात जायचा, थुंकी लावून पाटलोणीवर घासला जायचा आणि पुन्हा बाळूंकडे यायचा. विटाळ चेंडूला लागत नव्हता, कपाला लागत होता.

मैदानावरच्या क्लबहाऊसचा इतिहास लिहायला घेतला की माणसं कोनशिलेपासून सुरुवात करतात. कोणत्या गव्हर्नरने उद्घाटन केलं, देणगी कोणाची, पहिला अध्यक्ष कोण. ते सगळं भिंतीवर संगमरवरात कोरलेलं असतंच. चहाच्या वेळेला कोण कुठे बसत होतं हे कोरलेलं नसतं. ते इमारतीच्या नकाशात शोधावं लागतं, आणि चहा करण्याच्या रीतीतही.

बोळकंच का, यालाही कारण आहे. कुंभाराच्या आव्यातून निघालेल्या भांड्याला झिलई नसते. ते सच्छिद्र असतं. चहा आणि ओठांचा ओलावा दोन्ही आत जिरतात. सोवळ्याच्या हिशेबात असं भांडं धुऊन शुद्ध होत नाही, एकदा उष्टं झालं की संपलं. तांब्या-पितळेचं भांडं राखेने घासून, विस्तवावर धरून पुन्हा घेता येतं. चिनी मातीच्या कपाचं काय करायचं हे मात्र पुण्याच्या सोवळ्या मंडळींना नीटसं ठरवता येत नव्हतं, कारण कप आणि चहा दोन्ही साहेबाच्या घरून आलेले. १८९० साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये शहरातली बडी मंडळी सभेला गेली, पुढे चहा-बिस्किटं आली. कुणी घेतली, कुणी नुसती हातात धरली. गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि गावभर ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचं भांडण, माजलं. त्यात रानड्यांचं नाव होतं, टिळकांचंही होतं, आणि दोघांनाही प्रायश्चित्ताच्या भानगडीतून जावं लागलं. म्हणजे बाळू पॅव्हेलियनबाहेर बोळकं हातात धरून उभे होते तेव्हा आत कपातून पिणारेही जुन्या माणसांच्या नजरेत फार सोवळे नव्हते. पायरीवर उभ्या असलेल्याला खालच्या पायरीवर कोणीतरी लागतं, एवढंच.

त्या काळचा चहा आजच्यासारखा किटलीत उकळायचा नव्हता. तो पानांचा. चहादाणी आधी गरम पाण्याने विसळायची, माणशी एक चमचा पानं टाकायची, वर खळखळतं पाणी ओतून चारेक मिनिटं झाकून ठेवायची, मग गाळणीतून कपात. दूध वेगळ्या भांड्यात, साखर वेगळी. पाणी पुरेसं तापलेलं नसलं तर पानं उघडत नाहीत आणि चहा पांचट होतो. जास्त वेळ मुरला तर तुरट होऊन जिभेला ओढतो. बावीस खेळाडू, दोन पंच, दोन गुणलेखक असे सव्वीस लोक एकाच वेळी आले, तर चार-पाच मोठ्या चहादाण्या, सव्वीस कपबश्या, ट्रे, टेबलं आणि मागे हे सगळं धुवायला वाहत्या पाण्याची मोरी हवी. कपबश्या ठेवायला कुलपाचं कपाट हवं. धुणारी माणसं हवीत. अशा चहाला इमारत लागते.

म्हणून जुन्या पॅव्हेलियनच्या नकाशात मागची मोरी पुढच्या पडवीइतकीच बघण्यासारखी असते. ठोकळ रचना बहुतेक ठिकाणी एकच. मैदानाकडे तोंड करून लांब पडवी, तीन-चार पायऱ्या वर. बसलेल्या माणसाची नजर सीमेवरच्या क्षेत्ररक्षकाच्या डोक्यावरून जावी इतकी उंची. पडवीमागे मधला मोठा हॉल, दोन्ही बाजूंना कपडे बदलायच्या खोल्या, हॉलच्या मागे चहाची खोली, तिला लागून मोरी, आणि मोरीतून बाहेर जाणारं दार. खेळपट्टी उत्तर-दक्षिण आखायची, म्हणजे मावळतीचं ऊन फलंदाजाच्या डोळ्यांत जात नाही. जागा मोकळी असेल तर पॅव्हेलियन पश्चिमेला घ्यायचं. दुपारी तीननंतर ऊन इमारतीच्या पाठीवर पडतं आणि पडवी सावलीत येते. याची किंमत मागच्या भिंतीला मोजावी लागते. मुंबईत पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, त्यामुळे चहाची खोली, मोरी आणि नोकरांचं दार हेच आधी भिजतं, तिथलाच गिलावा आधी फुगतो. पुढच्या खांबांना दर दोन वर्षांनी व्हार्निश आणि मागच्या भिंतीला शेवाळ, हे दृश्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या जिमखान्यात सापडेल.

बाळूंना मागचं दार आधीपासून ठाऊक होतं. क्रिकेटपटू होण्याआधी ते मैदानावरचे कामगार होते. पुण्यात पारशांच्या एका क्लबात महिना तीन रुपयांवर ते खेळपट्टी झाडायचे आणि रोलर ओढायचे. मग साहेबांच्या पूना क्लबात चार रुपये झाले. काम तेच: जाळी लावणं, खेळपट्टी दाबणं, रेषा मारणं, अधूनमधून टेनिसची कोर्टं आखणं. सरावाला गोलंदाज कमी पडायचे म्हणून त्यांच्या हातात चेंडू आला. कॅप्टन ग्रेग नावाचा फलंदाज त्यांच्याशी तासन्‌तास सराव करी, आणि बाळूंनी त्याला बाद केलं की दर खेपेला आठ आणे देई असं सांगतात. महिन्याला चार रुपये पगार असताना आठवा भाग एका चेंडूत. बॅट मात्र त्या मैदानावर कोणी त्यांच्या हातात दिली नाही. फलंदाजी साहेबाची, गोलंदाजी नोकराची.

साताऱ्याच्या सामन्याची गोष्ट यातल्या जाणकारीसाठी सांगण्यासारखी आहे. पाहुण्या संघात बाळू आहेत हे कळल्यावर तिथल्या युरोपियन जिमखान्याने खेळपट्टीवर कितीतरी दिवस रोलर फिरवून ठेवला, चेंडू वळूच नये म्हणून. हिशेब पुस्तकी होता. माती किंचित ओलसर असताना जड रोलर फिरवला की कणांमधली हवा निघून जाते आणि पृष्ठभाग घट्ट होतो. मग चेंडूच्या शिवणीला धरायला काही उरत नाही. पण रोलर फार आणि पाणी थोडं, असं झालं की वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो आणि त्याच्या कडेवर पडलेला चेंडू कसाही जातो. साताऱ्याला नेमकं काय झालं ते मातीलाच माहीत. बाळूंनी सात बळी घेतले. परतल्यावर रानड्यांनी त्यांचा जाहीर सत्कार केला. पंचहौदच्या चहाचं प्रायश्चित्त घेतलेल्या माणसाने बोळक्यातून चहा पिणाऱ्याच्या गळ्यात हार घालावा, हे पुण्यातच होऊ शकतं.

मुंबईत गोष्ट थोडी पुढची होती. फोर्टाच्या तटासमोरचं एस्प्लनेड हे मोकळं मैदान तोफांच्या माऱ्यासाठी राखलेलं. तिथे पारशी पोरं चेंडूफळी खेळू लागली, ओरिएंटल क्लब निघाला तो १८४८ साली. १८७५मध्ये युरोपियनांनी मैदानाच्या कडेला बॉम्बे जिमखाना उभा केला. त्यांचं स्वतःचं क्रिकेटचं हिरवळीचं अंगण राखून ठेवलेलं, आणि पोलोचे घोडे मात्र एतद्देशीय पोरं खेळत त्या भागावरून पळायचे. घोड्याच्या टापेने जमिनीला पडलेला खड्डा हा साधा खड्डा नसतो. नालेची कड गवताची मुळी कापते, माती पेल्याच्या आकारात दाबली जाते, आत पाणी साचतं आणि उन्हाळ्यात त्याची कड विटेसारखी कडक होते. त्यावर आपटलेला चेंडू छातीवर येतो. १८८०च्या दशकातले अर्जविनंत्या, घोडेवाल्यांवर बंदी, बंदी उठणं, पुन्हा अर्ज हे सगळं या खड्ड्यांवरून झालं. शेवटी सरकारने रेल्वेचे रूळ आणि समुद्र यांच्यामधल्या केनेडी सी-फेसवरच्या पट्ट्यात जागा वाटल्या: आधी पारशांना, मग १८९२च्या सुमारास मुसलमानांना आणि हिंदूंना. परमानंददास जीवनदास यांच्या नावाचा हिंदू जिमखाना तो हाच. आज समोर मरीन ड्राइव्हचा रुंद रस्ता आहे. तेव्हा समुद्र बराच जवळ होता. जातवार जमीन, जातवार पॅव्हेलियन, जातवार चहा. साहेबाने भांडण मिटवलं आणि त्याच वेळी प्रत्येकाला आपापल्या कपाटात ठेवून दिलं.

प्लेगच्या सुमारास बाळू मुंबईत आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. पोट भरायला बी. बी. अँड सी. आय. (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेची नोकरी होती. १९०६च्या फेब्रुवारीत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्या संघात बाळू आणि त्यांचे भाऊ शिवराम दोघेही होते. तोपर्यंत मुंबईच्या हिंदू जिमखान्यात त्यांना बाकीच्यांबरोबर बसून खाता-पिता येत होतं, आणि त्या काळच्या सुधारक मंडळींनी याचं कौतुक लिहूनही ठेवलंय. पुण्याच्या बोळक्यापासून मुंबईच्या टेबलापर्यंत यायला साधारण दहा वर्षं लागली. पुढचा टप्पा त्याहून लांबला. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात पस्तिशीतल्या बाळूंनी ११४ बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. १९२०मध्ये त्यावरून भांडण झालं, बाळूंचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतलं. १९२३मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. टेबलावर बसू देणं आणि टेबलाच्या डोक्याशी बसवणं यांत सतरा वर्षांचं अंतर पडलं.

बॉम्बे जिमखान्याची गंमत वेगळीच. हिंदुस्थानातली पहिली अधिकृत कसोटी १९३३च्या डिसेंबरात तिथे झाली. लाला अमरनाथांनी पदार्पणात ११८ केल्या, लोक मैदानात धावले. कर्णधार सी. के. नायडू. आणि ज्या क्लबच्या मैदानावर ते देशाचं नेतृत्व करत होते, त्या क्लबचं सदस्यत्व त्यांना मिळू शकत नव्हतं, कारण ते युरोपियनांपुरतं राखीव होतं. पुढे १९३७मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं ब्रेबर्न स्टेडियम उभं राहिलं. ते इतकं देखणं क्लबहाऊस होतं की बसायच्या जागा कोणाच्या यावरून क्लब आणि मुंबईची क्रिकेट संघटना वर्षानुवर्षं भांडत राहिले, आणि १९७५च्या जानेवारीत हाकेच्या अंतरावर वानखेडेवर कसोटी सुरू झाली. सदस्यांच्या खुर्च्यांवरून दुसरं स्टेडियम बांधणारं शहर दुसरं नसावं.

आता छपराकडे वळतो, कारण क्लबहाऊस टिकतं की पडतं हे छपरावर ठरतं. जुन्या पॅव्हेलियनवर मंगलोरी कौलं असतात. बाझल मिशन या ख्रिस्ती संस्थेने १८६५मध्ये मंगळूरला कारखाना काढला आणि पुढच्या तीस वर्षांत पश्चिम किनाऱ्यावरची सरकारी घरं, शाळा, स्टेशनं या लाल कौलांनी झाकली गेली. चौरस मीटरला पंधराएक कौलं बसतात, एकेकाचं वजन सव्वादोन-अडीच किलो. म्हणजे दोनशे चौरस मीटर छपरावर सात टनांच्या आसपास ओझं. त्यामुळे वासे सागाचेच हवेत. उतार तीस अंशांच्या खाली घेतला तर वाऱ्याबरोबर येणारं पाणी कौलाखालून उलटं चढतं. वाशांवर आडव्या ठोकलेल्या रिपांमधलं अंतर कौलाच्या खाचेशी जुळलं नाही तर कौल अधांतरी बसतं आणि पहिल्या वादळात सरकतं. क्रिकेटच्या मैदानावर आणखी एक शत्रू: षटकार. फुटलेलं कौल लगेच बदलावं लागतं, कारण त्या फटीतून गेलेलं पाणी थेंबाथेंबाने रिपेवर पडतं, रीप कुजते, मग शेजारची चार कौलं खाली येतात. समुद्रकाठी लोखंडी खिळ्याची गंज लागून दोन-चार पावसाळ्यांत सुई होते. जस्ताचा मुलामा असलेला खिळाच वापरायचा. मे महिन्यात शाकारणी करताना सगळी कौलं उतरवायची नसतात, फक्त हललेली, तडकलेली आणि आढ्यावरची. आढ्यावरच्या कौलांचा चुना तडकलेला असतोच. आणि शंभरातली पाच-दहा कौलं जुन्या साच्याची राखून ठेवायची, कारण कारखाने बंद होत गेले आणि वेगळ्या कारखान्याचं कौल खाचेत बसत नाही. कौलं काढून वर पत्रा टाकलेल्या पॅव्हेलियनमध्ये मे महिन्यात दुपारी बसून बघावं. पडवी असते, पण तिथे बसायला कोणी नसतं.

काँक्रीटचं क्लबहाऊस बांधून हा त्रास संपेल असं वाटत असेल तर मरीन ड्राइव्हच्या इमारतींकडे बघा. खाऱ्या हवेतलं मीठ काँक्रीटमधून झिरपत सळईपर्यंत जातं. सळई गंजली की गंजाची जाडी मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त होते, आणि ती आतून ढलपे पाडते. सागाच्या वाशाला समुद्राचं इतकं वावडं नसतं.

हा सगळा खर्च भागवायला पैसे लागतात, आणि क्रिकेटमधून ते येत नाहीत. मरीन ड्राइव्हवरच्या जिमखान्यांच्या हिरवळीवर लग्नं लागतात ती म्हणूनच. लग्नसराई आणि क्रिकेटचा मोसम नेमका एकच, नोव्हेंबर ते मे. मांडवाच्या खांबाला हातभर खड्डा लागतो. तो नुसत्या मातीने बुजवला तर पहिल्या पाण्याला खचतो, थराथराने ठोकून भरावा लागतो. गालिच्याखाली चार दिवस राहिलेलं गवत पिवळं पडतं आणि परत हिरवं व्हायला महिना घेतं. आचाऱ्यांच्या चुलीजवळ सांडलेलं तेल आणि भांडी धुतलेलं गरम पाणी मुळाशी गेलं की तिथे टक्कलच. सर्वांत वाईट म्हणजे खिळे. मांडव उतरल्यावर दोरीला लोहचुंबक बांधून सगळी हिरवळ फिरायची, नाहीतर सूर मारलेल्या क्षेत्ररक्षकाच्या कोपरात खिळा सापडतो. याची तक्रार करण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. लग्नाच्या भाड्याशिवाय शाकारणी होणार नाही आणि शाकारणीशिवाय पुढल्या वर्षी पॅव्हेलियन राहणार नाही.

दादरला शिवाजी पार्कावर हा प्रश्न लोकांनी आपल्या परीने सोडवला आहे. जिमखाना एका कोपऱ्यात आहे, त्याचे सदस्य आत बसतात. बाकीचं शहर मैदानाच्या भोवतीच्या कट्ट्यावर बसतं, आणि तिथे सामन्याची चर्चा आतल्यापेक्षा खालच्या दर्जाची असते असं कोणी म्हणू शकणार नाही.

आझाद मैदानाकडे मात्र वेगळ्याच तऱ्हेचं क्लबहाऊस आहे. तेच जुनं एस्प्लनेड, घोड्यांच्या टापांचं. आज तिथे बावीस खेळपट्ट्या एकमेकींना खेटून असतात. एका सामन्याचा स्लिपचा खेळाडू दुसऱ्या सामन्याच्या मिडविकेटला पाठ लावून उभा. १९८८मध्ये तेंडुलकर-कांबळींची ६६४ धावांची भागीदारी झाली ती इथेच, शाळांच्या हॅरिस शिल्डमध्ये. इथल्या बहुतेक क्लबांना इमारत नाही, तंबू आहे. त्यात किटच्या पेट्या, रोलरचा दांडा, रेषा मारायच्या फक्कीची गोणी, जाळ्या, दोन खाटा. आणि माळी. मैदानावर रोलर फिरवणाऱ्या, रेषा मारणाऱ्या, सामान राखणाऱ्या माणसाला मुंबईत माळी म्हणतात. अनेक जण त्या तंबूतच राहतात. बाळूंना महिना चार रुपये मिळायचे ते याच कामाचे.

पावसाळ्यात कापडी तंबू राखणं हे कौलांपेक्षा किचकट काम. सुती दोर भिजला की आखडतो. पाऊस येण्याआधी ढिला केला नाही तर मेख उपटते किंवा कापड शिवणीत फाटतं. नायलॉनचा दोर याच्या उलट, भिजला की सैल पडतो, तो पावसात आवळावा लागतो. भिजलेल्या कापडाला आतून बोट लावायचं नाही. जिथे लावाल तिथून थेंब सुरू होतो आणि मग थांबत नाही. म्हणून खाट कापडापासून वीतभर लांब. तंबूभोवती अर्ध्या विताची चर खणायची, उतार रस्त्याकडे. ओलं कापड घडी करून ठेवलं तर दोन दिवसांत काळे ठिपके पडतात. हल्ली सगळेच वरून निळी ताडपत्री टाकतात. पाणी थांबतं, पण आत वाफ कोंडते आणि पॅड, ग्लोव्ह्ज सगळ्यांना बुरशी येते. त्यावर उपाय एकच: ऊन पडलं की सगळं बाहेर काढणं.

तंबूत चहा होऊ शकतो, कारण मधल्या काळात चहा बदलला. १९३०मध्ये आसामात चहाची पानं रुळांमध्ये चुरडून, फाडून, गोळ्या करणारं यंत्र आलं. त्या दाणेदार चहाला चहादाणी लागत नाही, मुरवावा लागत नाही. दूध-साखरेसकट एका भांड्यात उकळला तरी चालतो, किंबहुना तसाच चांगला लागतो. आणि कपबश्यांच्या जागी काचेचे पेले आले, बादलीत विसळले की पुन्हा तयार. मोरी, कपाट, टेबल, ट्रे, मागचं दार, सगळं गळून पडलं. जिमखान्यांनी कोणाला आत घ्यायचं यावर पन्नास वर्षं ठराव केले. इथे एक स्टोव्ह आणि एक ॲल्युमिनियमची किटली आली आणि आत-बाहेर हा प्रश्नच निघाला. तंबूत आत बसायला जागाच नसते.

तीस माणसांच्या चहाचा मैदानी हिशेब असा. दोन लिटर पाणी, दीड लिटर दूध. उकळून तीन लिटर उरतं, माणशी शंभर मिली. चहापूड साधारण सत्तर ग्रॅम, साखर पाव किलोला थोडी कमी, आलं पन्नास ग्रॅम ठेचून. आलं पाण्यात आधी घालून चांगली उकळी फुटू द्यायची. कच्च्या आल्यात दूध नासवणारा गुण असतो, तो उकळीने मरतो. घाईत दूध आणि आलं एकदम घातलं की किटलीत पनीर. मग पूड आणि साखर, दोन-तीन मिनिटं. मग दूध, आणि दोनदा वर येऊ द्यायचा. दूध फ्रीजमधलं थंडगार घातलं तर उकळी बसते आणि रंग मळकट येतो. गाळल्याशिवाय स्टोव्हवर ठेवायचा नाही, कारण पूड आत राहिली की दहा मिनिटांत काढा. ज्यांना साखर चालत नाही त्यांच्यासाठी साखर घालण्याआधी थोडं पाणी वेगळं काढायचं, हे हल्ली प्रत्येक माळ्याला विचारावं लागतं, कारण पंच बहुधा साठीचे असतात. चहाची सुट्टी वीस मिनिटांची. आधण सुट्टीच्या आधी अर्धा तास ठेवायचं. नऊ बळी पडलेले असतील तर दहा मिनिटं आणखी आधी, कारण शेवटची जोडी फार टिकत नाही.

खरी परीक्षा कांगा लीगला. डॉ. होरमसजी कांगांच्या नावाची ही स्पर्धा १९४८पासून मुद्दाम पावसाळ्यात होते. खेळपट्टी झाकायची नाही, सीमेपर्यंतचं गवत घोट्याच्या वर, जमिनीवरून मारलेला चेंडू तीस यार्डांत मरतो. म्हणून फलंदाज हवेतून मारायला शिकतात आणि गोलंदाज फारसं न करताच बळी मिळवतात. माळी पहाटे येऊन खेळपट्टीवरचं पाणी गोणपाटाने टिपतो. गोणपाट अंथरायचं, त्यावर हलका रोलर फिरवायचा, उचलून पिळायचं, पुन्हा. जड रोलर ओल्या मातीवर आणला की माती रोलरला चिकटून सालीसारखी निघते आणि त्या रविवारचं क्रिकेट तिथेच संपतं. गोलंदाजाचा पाय पडतो तिथे लाकडाचा भुसा. रेषा दर दोन तासांनी पुन्हा माराव्या लागतात. फक्कीत कळीचा चुना मिसळलेला असेल तर ओल्यात तो गवत जाळतो आणि पडलेल्या खेळाडूचं कातडंही, म्हणून खडूची भुकटीच बरी.

एवढं करून दुपारी अडीचला सर येते. दोन्ही संघ तंबूत, दाटीवाटीने, उभ्यानेच. पंच छत्री घेऊन जातात, टाच रोवून बघतात, खड्ड्यात पाणी चढतं. सामना रद्द. पण आधण त्याआधीच ठेवलेलं असतं आणि तीस जणांचा चहा परत दुधात आणि पाण्यात वेगळा होत नाही. त्यामुळे तो घ्यावाच लागतो, आणि खेळ एका षटकाचा झाला असो की सत्तर षटकांचा, त्याचे पैसे यजमान क्लबच्या वहीवर त्या रविवारच्या खाती लागतात.